पगारपत्रकावरचा फुटबॉल

भारताच्या फुटबॉल संघाचा विषय निघाला की गाडी बुटांपाशी येऊन अडते. अनवाणी खेळायची परवानगी मिळाली नाही म्हणून आपण १९५० चा विश्वचषक सोडला, ही कथा गिरगावातल्या कट्ट्यापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे सारख्याच ठामपणे सांगितली जाते. तिच्यात दम थोडा आहे. आपला गट ठरला होता: इटली, स्वीडन आणि पराग्वे. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायची तयारीही ब्राझीलने दाखवली होती. पण विश्वचषक हे किती मोठं प्रकरण आहे, याचा तेव्हाच्या फुटबॉल महासंघाला अंदाजच नव्हता. ऑलिंपिक मोठं, पुढच्या वर्षी दिल्लीत भरणारे पहिले आशियाई खेळ मोठे. मग दक्षिण अमेरिकेपर्यंतचा एवढा लांबचा प्रवास कशाला, असा साधा हिशेब झाला. बूट घालून खेळू शकणारे खेळाडू आपल्याकडे तेव्हाही होते.

मला या इतिहासात बुटांपेक्षा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. या खेळाडूंची चूल कोणाच्या पगारावर पेटत होती? राष्ट्रीय संघाचा पाऊणशे वर्षांचा आलेख या प्रश्नाशेजारी ठेवला की त्यातले बरेच चढउतार समजू लागतात. त्यात मुंबईचं नाव कुठे ठळक आहे आणि कुठे पुसट, तेही दिसतं.

आधी निकाल. ३१ जुलै १९४८ रोजी लंडनजवळच्या इल्फर्डला भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला. आपल्या बहुतेक खेळाडूंच्या पायांत बूट नव्हते. गोल सारंगपाणी रामन यांचा. त्या सामन्यात आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या, ही गोष्ट अनवाणी पायांच्या कौतुकात हमखास गळते. १९५१ मध्ये दिल्लीत शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली आशियाई सुवर्ण मिळालं. अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलवर आपण इराणला हरवलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले, आपण एक केला. त्यानंतर मात्र बुटांचा वाद कायमचा मिटला. १९५६ मध्ये मेलबर्नला चौथा क्रमांक, १९५८ मध्ये टोकियोच्या आशियाई खेळांत चौथा, १९६२ मध्ये जकार्ताला सुवर्ण, १९६४ मध्ये आशिया चषकाचं उपविजेतेपद, १९७० मध्ये बँकॉकला कांस्य. झालं. आपण ज्याला सुवर्णकाळ म्हणतो तो एवढाच आहे, आणि त्यातही सगळं सोनं एका कसाचं नाही.

मेलबर्नचा चौथा क्रमांक घ्या. त्या स्पर्धेला अकराच संघ होते. पहिल्या फेरीत हंगेरी आलाच नाही, त्यामुळे आपल्याला पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व सामन्यात यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, आणि तो स्पर्धेतला आपला एकमेव विजय. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून १-४, कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ०-३. १९६४ चा आशिया चषकही तसाच. पात्रता फेरीतले आपल्या विभागातले इतर संघ राजकारणापायी बाजूला झाले, मुख्य स्पर्धेत चारच संघ उरले. आपण दक्षिण कोरिया आणि हाँगकाँगला हरवलं, इस्रायलकडून हरलो आणि दुसरे आलो. १९५१ ला सहा संघ होते आणि कोरिया त्यांत नव्हता. हे सांगितलं की जुने फुटबॉलप्रेमी रागावतात. रागावू देत. आकड्यांना अत्तर लावून ठेवलं की पुढच्या प्रत्येक पिढीला आपण नालायक आहोत असं वाटत राहतं.

खरा कस लागला तो दोनदा. १९६० मध्ये रोमला आपण एकही सामना जिंकलो नाही. तरी पुढे कांस्यपदक मिळवणाऱ्या हंगेरीशी १-२ असे झुंजलो आणि फ्रान्सला १-१ असं रोखलं, तेही पी. के. बॅनर्जी यांच्या गोलने आघाडी घेऊन. दुसरी वेळ जकार्ता. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने २-० अशी धूळ चारली. मग थायलंड, जपान आणि दक्षिण व्हिएतनामला हरवत संघ अंतिम फेरीत आला. समोर पुन्हा कोरिया. इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने आवाज उठवला होता, त्यामुळे अख्खं स्टेडियम आपल्या विरोधात. बचावपटू जर्नेल सिंग डोक्याला टाके असताना आघाडीला खेळले. एक गोल पी. के. यांनी केला, एक जर्नेल यांनी, आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी आपण २-१ असे जिंकलो. भारताच्या वरिष्ठ संघाने याहून मोठा विजय मिळवलेला नाही, असं माझं मत आहे.

आता पगाराकडे. शैलेन मन्ना मोहन बागानचे, पण नोकरी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात. पी. के. बॅनर्जी खेळाडू म्हणून कोलकात्याच्या बड्या क्लबांत कधी गेलेच नाहीत, जवळपास सगळी कारकीर्द पूर्व रेल्वेत राहिले. गोलरक्षक थंगराज सैन्यातून आले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा मूळ संघ हैदराबाद पोलीस. हा संघ म्हणजे देशभरातल्या मस्टरांवरून गोळा केलेली गुणवत्ता होती. सकाळी सराव, मग कचेरीत सही, दुपारी सामना. महिनाअखेरीस पगार, आणि खेळ संपल्यावरही नोकरी हातात. या व्यवस्थेचे तीन बळकट खांब होते: कोलकाता, हैदराबाद आणि मुंबई. यातला तिसरा खांब मुंबईकरांच्याच लक्षात नाही.

मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा मूळचे गोव्यातल्या आसगावचे, पण फुटबॉलपटू म्हणून मुंबईचे. टाटा स्पोर्ट्स क्लबकडून ते खेळले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. युगोस्लाव्हियाविरुद्धचा आपला गोलही त्यांचाच. चार गोलांसह ते स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंगतीत बसले. १९८० मध्ये, पन्नाशीही गाठायच्या आत, ते मुंबईतच वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना कधी मिळाला नाही. वांद्र्याला एका फुटबॉल मैदानाला त्यांचं नाव आहे. तिथे खेळायला येणाऱ्या पोरांना नेव्हिल डिसोझा कोण, असं विचारून पाहावं, असा मोह होतो. उत्तराची धास्ती वाटते म्हणून विचारत नाही.

गोलरक्षक एस. एस. नारायण केरळात जन्मलेले आणि माटुंग्यात वाढलेले. १९५६ आणि १९६० अशा दोन्ही ऑलिंपिक संघांत ते होते, शिवाय महाराष्ट्राकडून बास्केटबॉलही खेळले. हाताच्या खेळाचा पायाच्या खेळात असा उपयोग करून घेणारा गोलरक्षक विरळाच. ओ. चंद्रशेखरन इरिंजालकुडाहून आले आणि मुंबईत कॅल्टेक्स या तेल कंपनीचे झाले. रोमला ते खेळले, जकार्ताच्या सुवर्णपदक संघात होते, आणि १९६३-६४ चा संतोष चषक महाराष्ट्राने जिंकला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. फोर्तुनातो फ्रँको गोव्याच्या कोलवाळचे, संघ टाटा. जकार्ताच्या मधल्या फळीत त्यांचा वाटा मोठा. नारायण, चंद्रशेखरन आणि फ्रँको तिघेही २०२१ मध्ये, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने गेले. करोनाच्या बातम्यांच्या गर्दीत मराठी वर्तमानपत्रांत त्यांच्या वाट्याला फार जागा आली नाही.

नावं पुन्हा वाचा. डिसोझा, फ्रँको, नारायण, चंद्रशेखरन. राष्ट्रीय संघाला मुंबईने दिलेल्या या मोठ्या माणसांत मराठी आडनाव नाही. याचा अर्थ गिरगाव, दादर, परळ, लालबाग या खेळाच्या बाहेर होतं, असा लगेच काढायचं कारण नाही. पण ही माणसं कुठून आली ते पाहिलं पाहिजे. गोव्याहून नोकरीसाठी आलेली पोरं धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामूहिक बिऱ्हाडांत, उतरत. तिथून फुटबॉलचं कूपरेज मैदान पायी जाण्याच्या अंतरावर. माटुंग्यात दक्षिणेकडून आलेली कुटुंबं आणि जिमखाने होते. कंपन्यांना संघ उभे करायचे होते आणि या मंडळींना नोकऱ्या हव्या होत्या. गाठ पडली.

गिरणगावातल्या पोराला नोकरी आधीच ठरलेली होती: बाप ज्या खात्यात, त्याच खात्यात बदली म्हणून लागायचं. खेळासाठी त्याच्याकडे दोन चाळींमधला पट्टा होता. कबड्डीचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असलं की भागतं. फुटबॉलला शंभर मीटर लागतात. लालबाग-परळने मंडळं काढली, नरे पार्कात आणि गल्लोगल्ली कबड्डी खेळली, दादरच्या अमर हिंदसारख्या संस्था नावारूपाला आणल्या. शिवाजी पार्कात जागा होती, पण ती क्रिकेटची. मुंबईत फुटबॉलच्या वाट्याला मुख्यतः पावसाळा आला, कारण बाकीचे आठ महिने मैदानांवर खेळपट्ट्या पसरलेल्या असत. पावसाळासुद्धा क्रिकेटने पूर्ण सोडला नाही. १९४८ पासून कांगा लीग आहेच. परळला सेंट झेवियर्सचं मैदान होतं आणि आहे, पण एका मैदानाने अख्ख्या गिरणगावाचा खेळ बदलत नाही.

पाहायला मात्र मराठी माणूस जात होता. कूपरेजवर रोव्हर्स चषक असला की गर्दी होई. ही स्पर्धा १८९१ ची. सुरुवातीला गोऱ्या पलटणींची मक्तेदारी होती, ती १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने मोडली. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी चषक नेला. म्हणजे जो संघ पुढे राष्ट्रीय संघाचा कणा होणार होता, तो आपला सर्वांत चांगला खेळ मुंबईच्या प्रेक्षकांसमोर खेळत होता. दिलीप कुमार कूपरेजवर येत. प्राण तर इतके वेडे की त्यांनी डायनमोज नावाचा क्लबच पाळला होता. पडद्यावरचा खलनायक मैदानावर पदरचे पैसे घालत होता आणि पदाधिकारी खुर्च्या सांभाळत होते. आपल्या फुटबॉलमध्ये भूमिका बऱ्याचदा अशा उलट्या पडल्या आहेत. १९५४-५५ मध्ये मुंबईने संतोष चषक जिंकला, १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स. राष्ट्रीय संघाच्या भरभराटीची आणि मुंबईच्या या यशाची वर्षं एकच आहेत.

मग हा खांब खचला कसा? एका दिवसात नाही. कॅल्टेक्स १९७६ मध्ये सरकारने घेतली आणि दोन वर्षांनी ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विरून गेली. तिचा फुटबॉल संघ परदेशी कंपनीच्या दिमाखाचा भाग होता, नव्या सार्वजनिक उपक्रमाला तो दिमाख नको होता. सत्तरच्या दशकात मफतलालने गुरखा ब्रिगेडसारख्या लष्करी संघांतले खेळाडू आणून तगडा संघ बांधला. पुढे ऑर्के मिल्सचाही दबदबा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळसे परत आत गेलेच नाहीत. या संपाने किती संसार मोडले त्याच्यापुढे फुटबॉल ही फार किरकोळ गोष्ट आहे. तरी नोंद करायला हवी की, खेळाडूला मस्टरवर घ्यायची गिरणीमालकांची सवय याच काळात सुटली. ज्याला कामगारच नको झाले, तो सेंटर फॉरवर्ड कशाला पोसेल? टाटा, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका यांनी आणखी काही वर्षं किल्ला लढवला. १९९०-९१ आणि १९९९-२००० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा संतोष चषक जिंकला तो याच शिलकीवर. रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर बंद पडला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दाखवली, आणि २०१० मध्ये, शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचं असं सांगून, संघच गुंडाळला.

राष्ट्रीय संघाचा आलेख याच काळात कसा झुकतो पाहा. १९६० नंतर ऑलिंपिकसाठी आपण पुन्हा पात्र ठरलो नाही. १९७४ मध्ये आशियाई युवा स्पर्धेचं इराणबरोबरचं संयुक्त विजेतेपद आलं, तेवढीच झुळूक. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाने आपल्याला एका गोलने घरी पाठवलं. म्हणजे घरीच होतो, तिथेच बसवलं. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत प्रत्यक्ष खेळायला आपण १९८५ मध्ये सुरुवात केली. पुढच्या चाळीस वर्षांतली सर्वांत हळहळ वाटणारी वेळ २००१ ची: संयुक्त अरब अमिरातीला बंगलोरमध्ये हरवलं, गटात अकरा गुण मिळवले आणि एका गुणाने मागे राहिलो. नेहरू चषकानिमित्त परदेशी संघ येत राहिले; कोलकाता, कोची, तिरुवनंतपुरम, कालिकत, सिलिगुडी, मडगाव, मद्रास, दिल्ली अशी ही स्पर्धा देशभर फिरली. मुंबईत ती एकदाही आली नाही.

दक्षिण आशियात आपण दादा आहोत, हे खरं. सॅफ स्पर्धा नऊ वेळा जिंकली आहे. पण गल्लीतल्या दादागिरीला फिफाच्या क्रमवारीत फार वजन नसतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये आपण ९४ वे होतो, ती आजवरची सर्वोच्च जागा. मार्च २०१५ मध्ये १७३ व्या क्रमांकावर आपटलो. आशिया चषकात १९८४ नंतर थेट २०११ मध्ये पोहोचलो, तेही २००८ मध्ये एएफसी चॅलेंज चषक जिंकल्याच्या बळावर. त्या अंतिम सामन्यात सुनील छेत्रीने ताजिकिस्तानविरुद्ध तीन गोल केले होते. दोहाला मात्र तीन सामन्यांत तेरा गोल खाल्ले. २०१९ मध्ये थायलंडला ४-१ असं लोळवलं आणि पुढचे दोन्ही सामने गमावले. जानेवारी २०२४ मध्ये कतारला तीन पराभव, गोल शून्य.

छेत्रीबद्दल वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात. ९५ आंतरराष्ट्रीय गोल हा आकडा भारताच्या संदर्भात अविश्वसनीय आहे. त्यातले बरेचसे दुबळ्या संघांविरुद्धचे आहेत, असं म्हणणारे असतात. बरोबर आहे. पण त्याच दुबळ्या संघांविरुद्ध बाकीच्यांनी का केले नाहीत? वीस वर्षं एका माणसाच्या पायांवर संघ उभा राहिला, यात त्याची थोरवी आहे आणि आपल्या व्यवस्थेचं दिवाळं. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध तो निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावं लागलं, आणि परतलेल्या चाळिशीच्या खेळाडूने पहिल्याच सामन्यात मालदीवविरुद्ध गोल केला. आनंद मानावा की लाज वाटावी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

याच छेत्रीने मुंबईला एकदा आरसा दाखवला. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध मुंबईत सामना झाला होता. त्यानंतर वरिष्ठ राष्ट्रीय संघ या शहरात खेळायला आला तो ३ सप्टेंबर २०१६ रोजी, एकसष्ट वर्षांनी, प्युर्टो रिकोविरुद्ध. अंधेरीच्या क्रीडासंकुलात आपण ४-१ जिंकलो. जून २०१८ मध्ये तिथेच चार देशांची स्पर्धा झाली. तैवानच्या संघाला पाच गोल मारले तेव्हा मैदानात २,५६९ माणसं होती. छेत्रीने हात जोडून व्हिडिओवरून विनंती केली: शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. दोन दिवसांनी, त्याच्या शंभराव्या सामन्याला, धो धो पावसात स्टेडियम भरलं. मुंबईकर बोलावलं तर येतो, हे सिद्ध झालं. पण कर्णधाराने दारोदार बोलवायला जावं लागणं ही काही व्यवस्था नव्हे. आणि अंधेरी म्हणजे उपनगर. २०१७ च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे इथले सामने नवी मुंबईत खेळले गेले. ज्या दक्षिण मुंबईत फुटबॉलची मुळं होती तिथलं कूपरेज आता कृत्रिम गवताचं, छोट्या गॅलरीचं मैदान आहे. राष्ट्रीय संघासाठी ते पुरे पडत नाही.

महिला संघाची तक्रार तर आणखी रास्त आहे. १९७९ आणि १९८३ मध्ये या संघाने आशिया चषकाचं उपविजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये ही स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरली. इराणशी बरोबरी झाली आणि मग संघात करोना शिरला. तैवानविरुद्धच्या सामन्याला नियमानुसार लागणाऱ्या किमान तेरा मुली उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमान संघ स्पर्धेतून बाद. याच संघाने जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पुरुष संघाला त्याच वर्षी जे जमलं नाही, ते या मुलींनी करून दाखवलं.

मराठी आडनावांचा प्रश्न मघाशी अर्धवट सोडला होता. मुंबईच्या राहुल भेकेने २०१९ च्या इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जादा वेळेतल्या गोलने बंगळूरूला जिंकून दिला आणि राष्ट्रीय संघाच्या बचावफळीत जागा मिळवली. अनिकेत जाधव २०१७ च्या युवा विश्वचषकात खेळला, तो कोल्हापूरचा. आणि मराठी फुटबॉलचं गाव शोधायचं तर ते कोल्हापूरच आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची हजारोंची गर्दी, पेठापेठांमधली खुन्नस, विश्वचषकाच्या दिवसांत चौकाचौकात मेस्सी-नेमारचे कटआऊट. लालबाग-परळला कबड्डीत जे जमलं, ते कोल्हापूरला फुटबॉलमध्ये जमलं: खेळ मंडळाच्या मालकीचा झाला. अडचण एवढीच की तालमीचं प्रेम पोट भरत नाही. कोल्हापुरातून वर यायचं तर खेळाडूला शेवटी पोलिसात किंवा रेल्वेत भरती व्हावं लागतं, नाहीतर व्यावसायिक क्लबने उचलावं लागतं.

त्या व्यावसायिक क्लबांचं काय झालं, हा या आढाव्यातला सध्याचा अंक. २०१० मध्ये महासंघाने पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांचा करार केला आणि फुटबॉलचे व्यापारी हक्क रिलायन्सच्या पदरात टाकले. त्यातून २०१४ मध्ये सुपर लीग आली. खेळाडूंना कचेरीत सही न करता भरपूर पैसे मिळू लागले. मुंबई सिटीने मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या पाठबळावर २०२०-२१ मध्ये लीगही जिंकली आणि चषकही; २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. याचा राष्ट्रीय संघाला फायदा झाला का? काही काळ झाला. जुलै २०२३ मध्ये आपण पुन्हा पहिल्या शंभरात, ९९ व्या जागी होतो. मग गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो, विश्वचषकाची वाट तिथेच बंद झाल्यासारखी होती, आणि क्रमवारी १४० च्या पलीकडे घसरली. मोठ्या क्लबांत गोल करण्याच्या जागा परदेशी आघाडीवीरांकडे राहिल्या. छेत्रीनंतर कोण, या प्रश्नाला उत्तर तयारच झालं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले. कुवेतमध्ये जन्मलेले, महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेले, मुंबई एफसी घडवलेले, आयझॉलसारख्या छोट्या संघाला २०१७ मध्ये आय-लीग जिंकून देणारे जमील म्हणजे मुंबईच्या जुन्या कंपनी-फुटबॉलचं शेवटचं पीक. सुरुवात झोकात झाली, मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळाला. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ असे हरलो आणि २०२७ चा आशिया चषक हुकला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने हरवलं.

याच महिन्यांत तो पंधरा वर्षांचा करार संपत आला होता आणि नवा होत नव्हता. लीग वेळेवर सुरू झाली नाही. ऑगस्टमध्ये छेत्रीच्याच बंगळूरू क्लबने खेळाडूंचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. डिसेंबरच्या मध्याला मेस्सी वानखेडेवर आला. हजारोंची तिकिटं काढून स्टेडियम भरलं, छेत्री त्याला भेटला, तेंडुलकरने त्याला आपली जर्सी दिली. त्यानंतर पंधरवडाही उलटला नाही, तोच मँचेस्टर सिटीच्या मालकांनी मुंबई सिटीमधला आपला हिस्सा सोडला. लीगचं भवितव्यच अनिश्चित आहे, असं कारण दिलं गेलं.

महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीतल्या फुटबॉलपटूचे आईबाप आज चौकशी करतात ती सुपर लीगची नाही, या पाच टक्क्यांची. पूर्व रेल्वेत आयुष्य काढलेल्या पी. के. बॅनर्जींना हे ऐकून आश्चर्य वाटलं नसतं.